काचेवरचं पाणी येतं कुठून?



डिसेंबर-जानेवारीत नाशिककडे, पुण्याकडे, महाबळेश्वर-पाचगणीला सकाळी उठून पडदा सरकवला की खिडकीची काच आतून ओली दिसते. खालच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीत पाणी साचलेलं असतं, पडद्याची कड भिजलेली असते. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई, ठाणे, पनवेलला एसी लावून झोपणाऱ्यांच्या खिडकीची काचही सकाळी ओलीच असते. तक्रार दोघांची एक आणि दोघांना मिळणारा सल्लाही एकच: खिडकी उघडी ठेवत जा. हा सल्ला एकाला तारतो आणि दुसऱ्याला बुडवतो. म्हणून आज माझं एवढंच सांगणं आहे, की फडकं हातात घेण्याआधी काचेवरून बोट फिरवा आणि पाणी आतल्या अंगाला आहे की बाहेरच्या, ते बघा.

हे पाणी हवेतलं आहे, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं. माठातलं गार पाणी तांब्यात ओतलं की तांब्या बाहेरून ओला होतो, तोच हा प्रकार. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात उष्णतेच्या धड्यात दवबिंदू तापमान, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते, येतं, परीक्षेत दोन मार्कांना येतं आणि नंतर आपण ते विसरतो. हवा जितकी गरम तितकी तिच्यात वाफ जास्त मावते. एक घनमीटर हवेत ३० अंश सेल्सिअसला सुमारे ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात राहू शकतं, २० अंशांना १७ ग्रॅम, १० अंशांना ९ ग्रॅमच्या थोडं वर. हवा गार पृष्ठभागाला टेकली, की जेवढी वाफ मावत नाही तेवढी तिथंच पाणी होऊन बसते. घरातली सगळ्यांत गार जागा बहुतेक वेळा काच असते, म्हणून बोल काचेला लागतो. काचेचा यात काही दोष नाही.

दवाबद्दल लोकांचा दीर्घकाळ समज होता, की ते वरून, आकाशातून उतरतं. लंडनमधले एक डॉक्टर विल्यम चार्ल्स वेल्स यांनी लोकरीचे छोटे पुंजके मोजूनमापून रात्री उघड्यावर ठेवले, पहाटे ते पुन्हा तोलले आणि १८१४ साली दवावरचा आपला निबंध छापला. त्यांचा निष्कर्ष असा, की वस्तू आधी हवेपेक्षा गार होते, मग तिच्यावर दव जमतं. आधी गारवा, मग ओल. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

आता थंडीतली खिडकी घ्या. दहा फूट बाय बारा फुटांची झोपायची खोली, उंची दहा फूट. तिच्यात साधारण ३४ घनमीटर हवा असते. २० अंशांना त्या सगळ्या हवेत मिळून जेमतेम ६०० ग्रॅम पाणी मावतं. आणि झोपलेला माणूस श्वासातून, त्वचेतून तासाला ४० ग्रॅमच्या आसपास पाणी हवेत सोडतो. आई, बाबा आणि एक मूल खिडक्या-दारं लावून आठ तास झोपले, तर जवळजवळ लिटरभर पाणी त्या खोलीत जमा झालं. ते दाराच्या फटीतून थोडं जातं, गाद्या-उशा थोडं घेतात, उरलेलं काचेवर येतं. कुणी काही चुकीचं केलेलं नाही. माणसं फक्त झोपली होती.

स्वयंपाकघराचा हिशेब आणखी गमतीचा आहे. भाताची वाफ, चहाची वाफ आपल्याला दिसते. पण गॅसची ज्योत स्वतःच पाणी तयार करते, हे फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही. सिलिंडरमधले प्रोपेन आणि ब्यूटेन हे दोन्ही वायू जळताना त्यांच्यातल्या हायड्रोजनचं पाणी होतं. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. आपला घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा. म्हणजे एक सिलिंडर संपेपर्यंत ओट्यापाशी सुमारे २२ लिटर पाणी हवेत गेलं, आणि त्यात डाळ-भाताची वाफ धरलेलीच नाही. ओट्याच्या वर बाहेर फेकणारा पंखा नसेल तर हे पाणी घरातच फिरत राहतं. चिमणी बसवली असेल तर तिची नळी खरोखर बाहेर काढली आहे का, तेही एकदा बघा. काही चिमण्या हवा गाळून पुन्हा घरातच सोडतात. त्यात तेलकटपणा अडतो, वाफ अडत नाही.

याच्या जोडीला कपडे. एकदा यंत्र भरून धुतलेले कपडे पिळल्यानंतरही दोनेक लिटर पाणी धरून असतात. पूर्वी ते गच्चीवर किंवा गॅलरीत वाळायचे. आता गॅलरीला सरकत्या काचा लावून आपण ती हॉलमध्ये घेतली आणि कपड्यांचा स्टँडही हॉलमध्ये आला. गॅलरी गेल्याचं दुःख मी समजू शकतो, मुंबईत एका खोलीची किंमत काय असते हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्या गॅलरीबरोबर घरातलं पाणी बाहेर जायची वाटही बंद झाली, हे मान्य करायला हवं. कौलारू घराला ही अडचण नव्हती. कौलांच्या फटींतून, धुराड्यातून वाफ निघून जायची. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना तर काचेऐवजी पातळ शिंपल्यांच्या चकत्या लाकडी चौकटीत बसवलेल्या असत. उजेड आत यायचा, ऊन मवाळ व्हायचं आणि चौकटीच्या सांध्यांतून वाराही थोडा खेळायचा. ती घरं गळायची, धुरानं काळी व्हायची, हेही खरंच. पण ती कोंदट नव्हती.

तर थंडीत पाणी आतल्या अंगाला असेल, तर खिडकी उघडणं हाच इलाज. इथं एक शंका येते. बाहेर गारठा आहे, हवा दमट आहे, मग ती आत घेऊन घर कोरडं कसं होणार? आकडे बघू. पहाटे बाहेर ८ अंश तापमान आहे आणि आर्द्रता ८० टक्के. ऐकायला फार दमट वाटतं. पण ८ अंशांच्या हवेत मुळात वाफच कमी मावते. त्या हवेत घनमीटरला साडेसहा ग्रॅमच पाणी आहे. तुमच्या २० अंशांच्या बंद खोलीत ७० टक्के आर्द्रता असेल, तर तिथं १२ ग्रॅम आहे. म्हणजे बाहेरच्या दमट वाटणाऱ्या हवेत तुमच्या खोलीच्या जवळजवळ निम्मंच पाणी आहे. समोरासमोरच्या दोन खिडक्या किंवा खिडकी आणि दार दहा मिनिटं सताड उघडा. भिंती आणि फर्निचर तेवढ्यात गार होत नाहीत, हवा मात्र बदलते. रात्रभर एक खिडकी बोटभर उघडी ठेवता आली तर फारच चांगलं. भाताच्या भांड्यावर झाकण ठेवा, आंघोळीनंतर बाथरूमचं दार घराकडे लावून घ्या आणि त्याची खिडकी उघडा. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका, चार बोटं पुढे ओढा. नाहीतर त्याच्या पाठीमागची भिंत गार राहते आणि तिथं न दिसणारी ओल धरते.

बाथरूमचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट काचेच्या पलीकडची सांगतो. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल, तर तिथली हवा खेळती असणं हा ओलीचा प्रश्न उरत नाही, जिवाचा होतो. कोंडलेल्या जागेत गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही. गार वारा येतो म्हणून त्या बाथरूमच्या झरोक्याला थंडीत पुठ्ठा लावू नका.

आता पावसाळ्यातली मुंबई. इथं बोट फिरवलं तर आतली काच कोरडी लागते, पाणी बाहेरच्या अंगाला असतं. बाहेर २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असली की दवबिंदू २६ अंशांच्या आसपास जातो. तुम्ही एसी २० वर ठेवलात, त्याचा झोत काचेवर सोडलात, की काच २६ च्या खाली उतरते आणि बाहेरची हवा तिच्यावर पाणी सोडते. वेल्स यांचाच क्रम: आधी गारवा, मग ओल. एसी २४ किंवा २५ वर आणा, झोत काचेवरून वळवा, छताचा पंखा मंद लावा. बहुतेक घरांत काच कोरडी होईल. स्टार लेबल असलेले घरगुती एसी १ जानेवारी २०२० पासून २४ अंशांवरच सुरू व्हावेत असा नियम आपल्याकडे झाला, तो विजेसाठी. पण काचेलाही तो मानवतो.

आणि या घरात खिडकी उघडायची का? एसी चालू असताना मुळीच नाही. बाहेरच्या हवेत घनमीटरला २४ ग्रॅमच्या वर पाणी आहे, एसीच्या खोलीत जेमतेम १२. खिडकी उघडलीत की ते सगळं पाणी आत येऊन गार भिंतीवर, कपाटावर, आतल्या काचेवर बसणार. नाशिकला जो इलाज, तोच इथं रोग. पावसाळ्यात कपडे घरात वाळवण्यावाचून गत्यंतर नसतं, हे मलाही कळतं. मग निदान एकाच खोलीत वाळवा, दार लावून घ्या आणि तिथं एसीचं ड्राय मोड किंवा बाहेर फेकणारा पंखा चालवा. आणखी एक: लहान खोलीत फार मोठा एसी लावण्याचा सोस नको. तो खोली झटकन गार करून थांबतो, हवेतलं पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही. खोली गार पण चिकट लागते.

बाहेरच्या अंगाचं पाणी तसं निरुपद्रवी. पण एसीच्या खोलीची भिंत जर दुसऱ्या, बिनएसीच्या खोलीकडे असेल, तर तिच्या पलीकडे काय होतंय ते बघा. तिथं टेकवलेल्या कपाटातले चामड्याचे बूट, पुस्तकं, ठेवणीतले शालू यांच्यावर बुरशी धरते आणि दोष डांबराच्या गोळ्यांना दिला जातो. बुरशीला वाहतं पाणी लागत नाही; पृष्ठभागाजवळची हवा बराच काळ दमट राहिली, तरी तिचं भागतं.

दोन काचांच्या जोड खिडकीत काचांच्या मधोमध वाफ दिसत असेल, तर आतून-बाहेरून पुसून उपयोग नाही. कडेचं सील गेलेलं असतं, जोडकाच बदलावी लागते.

कधीकधी प्रश्नच वेगळा असतो, भिंत पाझरत असते आणि आपण हवेला दोष देतो. याची परीक्षा सोपी आहे. ओलसर भिंत कोरडी पुसून तिच्यावर वीतभर ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि एक-दोन दिवस राहू द्या. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला पाणी आलं तर ते हवेतलं. भिंतीकडच्या बाजूला आलं तर ते भिंतीतलं. मग वरच्या मजल्याचं बाथरूम, गच्ची, बाहेरचा पाइप यांच्याकडे वळा आणि सोसायटीला पत्र लिहा.

काळे ठिपके आलेच असतील तर कोरड्या ब्रशनं झाडू नका, बुरशीचे बीजाणू घरभर उडतात. नाकातोंडावर मास्क बांधा, साबणाच्या पाण्यानं ओल्या फडक्यानं पुसा, जागा कोरडी करा. ब्लीच वापरायचं तर एकटंच. संडास धुण्याच्या ॲसिडबरोबर ते कधीही मिसळू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

हे सगळं ऐकून वाटेल, की घर ओलं राहतं ते राहणाऱ्यांच्या सवयींमुळे. इथं थोडं थांबायला हवं. ब्रिटनमध्ये थंडी लांब, घरं बंद, आणि काचेच्या आतलं पाणी हा तिथला नेहमीचा विषय. आपल्याकडचे कितीतरी आईवडील मुलांकडे तिथं राहायला जातात आणि रेडिएटरवर वाळत घातलेले कपडे बघून येतात. त्या देशात रॉचडेल गावी अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये मरण पावला. घरात बुरशी होती, वडिलांनी वारंवार तक्रार केली होती, आणि घरमालक संस्थेनं बोट ठेवलं होतं ते कुटुंबाच्या राहण्याच्या पद्धतीवर. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये मृत्यूच्या चौकशीत निष्कर्ष निघाला, की घरातल्या बुरशीच्या दीर्घ संपर्कामुळे झालेल्या श्वसनाच्या गंभीर आजारानं मुलाचा मृत्यू झाला. हवा बाहेर जायची सोयच त्या घरात पुरेशी नव्हती. पुढे तिथं सामाजिक गृहनिर्माणाच्या घरांतली ओल आणि बुरशी ठरलेल्या मुदतीत तपासण्याचं बंधन घालणारा कायदा झाला. तो त्या मुलाच्या नावानंच ओळखला जातो.

आपल्याकडेही खिडकी उघडण्याचा उपदेश घरातल्या बाईला होतो आणि ज्यानं स्वयंपाकघराला बाहेरची भिंतच ठेवली नाही, त्याला कुणी विचारत नाही. तेव्हा नमुना फ्लॅट बघायला जाल, तेव्हा फरशी आणि नळ बघून झाले की दोन प्रश्न विचारा. ओट्यावरची वाफ नेमकी कुठून बाहेर जाणार? आणि धुतलेले कपडे पावसाळ्यात कुठं वाळणार? समाधानकारक उत्तर मिळाल्याशिवाय बुकिंगचा चेक फाडू नका.