भांडवल, आणि सोबतची माणसं

धंदा काढायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो पैशांचा. सोबत कोण कोण आहे, हे विचारणारे थोडे. म्हणून आज किर्लोस्करवाडीची गोष्ट.

1910 साल. कुंडल रोड स्टेशनाजवळचा उजाड माळ. बेळगावातली जागा सोडावी लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या पंतप्रतिनिधींनी ही जमीन दिली आणि वर दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. नांगर तयार होता. पण लोखंडाचं विष जमिनीत उतरतं, असं मानणाऱ्या शेतकऱ्याच्या गळी तो उतरवायचा कुणी? लक्ष्मणरावांचा जीव यंत्रात. गावोगाव हिंडून माल खपवायला के. के. कुलकर्णी होते. कचेरी आणि हिशेब मंगेशराव रेगे बघत. यंत्र अडलं की शंभूराव जांभेकर. आणि माळावर घरं, पाणी, वस्ती उभी करायला थोरले बंधू रामूअण्णा. बेळगावचं सायकलचं दुकानही त्यांनीच सांभाळलं होतं, धाकटा भाऊ मुंबईत मास्तरकी करत असताना. रात्रीच्या पहाऱ्यावर तर शिक्षा भोगलेली माणसं नेमली होती, आणि ती विश्वासाला जागली! पुढे पुतणे शंकरराव आले, त्यांनी जाहिरातीची बाजू उचलली.

एकट्या लक्ष्मणरावांच्या हातून उत्तम नांगर झाला असता, कारखाना झाला नसता. नांगरानंतर चरक, पंप, इंजिनं, ही मजल मारता आली ती एकाला न जमणारं दुसऱ्याला जमत होतं म्हणून.

आता नव्या कंपन्या बघा. एकाच हॉस्टेलचे चार मित्र, चौघेही प्रोग्रामर. गिऱ्हाइकाला फोन करायची वेळ आली की चौघेही एकमेकांकडे बघतात. पैसे गुंतवणारा धंद्याची कल्पना ऐकून घेतो, पण त्याची नजर या चौघांवर असते, ती उगाच नाही.

घरच्याच माणसांची मोट बांधली म्हणजे निभावलं, असंही नाही. तिथे भरवसा असतो, पण हिशेब मागायचा संकोचही असतो. मैत्रीतही तेच. कोण किती राबणार, कोण किती घेणार, मध्येच कुणी निघाला तर काय, हे पहिल्याच महिन्यात कागदावर घ्या. भागीदारीचा धंदा असेल आणि करारात वाटणी लिहिलेली नसेल, तर 1932 चा भागीदारी कायदा नफा-तोटा सर्वांत सारखा वाटतो. मग रात्रंदिवस खपणारा आणि फक्त नावापुरता असलेला, दोघांच्या पदरात सारखंच पडतं.