मोजल्याशिवाय हरवल्याचे कळत नाही

(आधारदात्यांच्या मेळाव्यात आमच्या बीड जिल्ह्यातील क्षेत्रसेवकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर. कुटुंबाच्या सुरक्षिततेसाठी नावे व गाव दिलेले नाही.)



दर वर्षी मी इथे उभा राहतो तेव्हा वसतिगृहातल्या मुलांचे निकाल, नवी बोअर, शिलाई वर्ग यांची माहिती देतो. ती माहिती अहवालात छापली आहे, कृपया घरी नेऊन वाचावी. आज मला एका हरवलेल्या माणसाविषयी बोलायचे आहे. तो सापडलेला नाही, हे आधीच सांगतो. नाहीतर आपण शेवटी चांगली बातमी येईल म्हणून वाट पाहाल.

आष्टी तालुक्यात माळरानावर एक पारधी वस्ती आहे. वीस-बावीस घरे, निम्म्यांवर अजून पत्रेही नाहीत. आपल्या बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर लाखो माणसे ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, हे आपल्याला ठाऊक आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम आधी उचल देतो आणि ती फेडण्यासाठी कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत राबायचे. पारधी कुटुंबे पूर्वी या कामात कमी असत. आता शिकार बंद, जमीन नाही, म्हणून तीही जाऊ लागली आहेत.

२०२२ च्या दिवाळीनंतर या वस्तीतला एक बावीस वर्षांचा मुलगा टोळीबरोबर कर्नाटकात गेला. बायकोला आठवा महिना होता, म्हणून ती घरी राहिली. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. त्याने ४०,००० रुपये उचल घेतली होती. मुलगी झाल्याचे त्याला फोनवर कळले. संक्रांतीनंतर दोन दिवस येऊन लेकीचे तोंड पाहून जातो, असे तो आईला म्हणाला. त्यानंतर त्याचा फोन लागला नाही.

फेब्रुवारीत त्याची आई माझ्याकडे आली. मी तिला मावशी म्हणतो. ती म्हणाली, "भाऊ, लेकराचा फोन लागंना. चला, बघून येऊ." माझ्याकडे तेव्हा परीक्षांची धांदल होती. मी म्हणालो, "मावशी, फडात रेंज नसते. पाडव्यापर्यंत टोळी परत येईल, धीर धरा." तिने धीर धरला. ते दीड महिने आपल्यापुढे कबूल करण्यासाठीच मी आज उभा आहे.

पाडव्यानंतर टोळी आली, तो आला नाही. सोबतच्यांनी सांगितले की घरी जाऊ देण्यावरून एका रात्री बोलाचाली झाली आणि सकाळी तो कोपीत नव्हता. मुकादम म्हणाला, उचल बुडवून पळाला. टोळीतल्या एका बाईने मात्र त्याचे अंथरूण, कोयता आणि चपला बांधून आणल्या होत्या. मावशीने त्या चपला हातात घेतल्या आणि मला विचारले, "भाऊ, पळून जाणारा माणूस चपला ठेवून जातो का?"

आम्ही तिकडे गेलो तोवर फड रिकामे झाले होते, पाचट जाळून झाले होते, कोप्या मोडल्या होत्या. शेजारच्या टोळ्या आपापल्या जिल्ह्यांत गेल्या होत्या. ज्यांना काही विचारावे असे कोणी उरले नव्हते.

मग पोलीस ठाण्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. इथे म्हणाले, माणूस तिकडे हरवला, तिकडे जा. तिकडे म्हणाले, राहणारा इथला नाही, आपल्या गावी नोंद करा. तिसऱ्या फेरीला कळले की मुकादमाचा फसवणुकीचा अर्ज आधीच घेतला गेला आहे. म्हणजे मावशीचा मुलगा बेपत्ता म्हणून कुठल्याच कागदावर नव्हता, पण फरार म्हणून होता. बेपत्ता असल्याची नोंद व्हायला जून उजाडला. मोबाईलच्या नोंदी कंपन्यांना किमान दोन वर्षे ठेवाव्या लागतात. त्या वेळेत मागवल्या का, या आमच्या अर्जाला अजून लेखी उत्तर नाही, आणि दोन वर्षे तर उलटून गेली.

मी पोलिसांना दोष देऊन मोकळा होऊ शकत नाही. मावशी माझ्याकडे पोलिसांच्या आधी आली होती. ती ठाण्यात एकटी का गेली नाही, हे समजून घ्यायला थोडे मागे जावे लागेल.

१८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. पारध्यांसारख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या. ज्यांची नावे नोंदली गेली त्यांना हजेरी द्यावी लागे आणि परवान्याशिवाय ठरलेली हद्द सोडता येत नसे. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. पण कुठे चोरी झाली की पहिली गाडी पारधी वस्तीवर येते, ही भीती रद्द झाली नाही. आपण होऊन ठाण्याची पायरी चढायची, हे त्या आईला केवढे अवघड, ते आपल्याला इथे बसून कळणार नाही. आणि मला राहून राहून वाटते की ज्या काळात या लोकांना गुन्हेगार म्हणत, त्या काळात हजेरीला एक माणूस कमी पडला तरी सरकार शोधायला निघत असे. आज तीन हंगाम झाले, एक माणूस कमी आहे आणि कोणाचे काही अडलेले नाही.

याच बीड जिल्ह्यात ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून हत्या झाली. सारे गाव रस्त्यावर आले, राज्यभर मोर्चे निघाले. ते व्हायलाच हवे होते. त्या दिवसांत मावशीने मला विचारले, "आपल्यासाठी कोण बसंल हो रस्त्यावर?" मला उत्तर देता आले नाही.

घरी काय चालले आहे, तेही सांगतो. सून पंचवीसची नाही. विधवा म्हणून सरकारी मदत मागायची तर नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला लागतो, आणि तो मेला असे कोण म्हणणार? सात वर्षे ज्याची काहीच खबर नाही त्याला मृत मानता येते, असे कायदा सांगतो. पूर्वीच्या पुरावा कायद्यात ते कलम १०८ होते, आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमात १११ आहे. म्हणजे २०३० पर्यंत ती ना सवाष्ण, ना विधवा. मुकादमाचा माणूस उरलेली उचल मागायला दोनदा येऊन गेला. रेशन कार्डावर प्रत्येकाने अंगठा देऊन ई-केवायसी करायची, नाहीतर नाव कमी होईल, असे सांगण्यात आले. दुकानदाराने समजुतीने सांगितले, "मावशी, त्याचे नाव काढून टाका." मावशी म्हणाली, "धान्य देऊ नका त्याच्या वाटचं. नाव राहू द्या." तिने तहसीलमध्ये तसा अर्ज दिला आहे. उत्तर यायचे आहे.

दोन वेळा आम्हाला बेवारस मृतदेहाची ओळख पटवायला बोलावले. दोन्ही वेळा तो आपला नव्हता. बाहेर आल्यावर माझ्या मनातून ओझे उतरल्यासारखे झाले, पण मावशी पायरीवर बसून रडू लागली. मी म्हणालो, "मावशी, आपला नाही ना तो." ती म्हणाली, "याची आई कुठं शोधत आसंल?"

बंधुभगिनींनो, शंभर मेंढरांचा दृष्टांत आपण लहानपणापासून ऐकतो. मेंढपाळ नव्व्याण्णव सोडून एकाच्या मागे गेला, यावर मी स्वतः कितीदा बोललो आहे. पण त्याला एक कमी आहे हे कळले कसे, याचा विचार मी कधी केला नव्हता. त्याने संध्याकाळी मोजले होते, म्हणून कळले. आमच्या वस्त्यांतून किती माणसे गेली आणि किती परत आली, हे आम्ही कधी मोजलेच नव्हते.

न मोजल्याने काय होते, हे २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यात उघड झाले. उभाडे येथील कातकरी वस्तीतली एक दहा वर्षांची मुलगी मरणाच्या दारात असताना झोपडीपाशी आणून सोडली गेली. ती दगावली आणि मग चौकशीत कळले की तिच्यासारखी अनेक मुले नगर जिल्ह्यात मेंढ्यांमागे राबायला दिलेली होती. मोबदला काही हजार रुपये आणि एखादी मेंढी. एका मेंढीच्या बदल्यात मूल गेले, तरी ती मुले हरवली आहेत असे कोणत्याही दप्तरात लिहिलेले नव्हते.

म्हणून आम्ही एक वही केली आहे. हंगामाला निघण्याआधी प्रत्येक वस्तीवर जाऊन आम्ही लिहितो: नाव, वय, फोटो, उचल किती, मुकादमाचे नाव व फोन, ट्रॅक्टरचा नंबर, कारखाना आणि फडाचे गाव. घरच्या एका माणसाचा फोन. दर पंधरा दिवसांनी आम्ही फोन करतो. सलग दोनदा लागला नाही तर वाट पाहायची नाही. पाडव्यानंतर पुन्हा प्रत्येक नावापुढे खूण. काम एवढेच आहे.

गेल्या हंगामात एका चौदा वर्षांच्या मुलाच्या नावापुढे खूण झाली नाही. मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवून अपहरण समजूनच तपास करायचा, असा सर्वोच्च न्यायालयाचा १० मे २०१३ चा आदेश आहे. त्याची प्रत आमच्या पिशवीत होती. १०९८ वर फोन केला. हद्दीचा प्रश्न निघाला तेव्हा आम्ही सांगितले की १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. ट्रॅक्टरचा नंबर वहीत होताच. पाचव्या दिवशी मुलगा सापडला. बापाच्या उचलीपोटी त्याला गुरांमागे ठेवून घेतले होते. तिथल्या पोलिसांनी चांगली मदत केली, हेही सांगितले पाहिजे. मुलगा वस्तीवर आला त्या दिवशी मावशीने त्याला भाकरी करून घातली. त्याला शोधायला जे जे लागले, ते सर्व आम्ही तिच्याच मुलाच्या शोधात शिकलो होतो. ते मी तिला बोलून दाखवले नाही. तिला ते माझ्याआधी कळले होते.

आता आपल्याकडे मागणे. वह्यांना फार पैसा लागत नाही. माणसे लागतात. आपल्यापैकी कितीतरी मंडळ्या मिरज, सांगली, कोल्हापूर, सोलापूर भागातल्या आहेत. आमच्या टोळ्या तुमच्याच शिवारात येतात. उपासनेला जाताना रस्त्याकडेला कोप्या दिसतात, त्या याच. नाताळात तिथे खाऊ आणि जुने कपडे वाटता, त्याबद्दल आभार. या वर्षी जाल तेव्हा सोबत कागद-पेन्सिल न्या आणि नावे विचारा. किती जण आलात, कोण आजारी आहे, कोणाला घरी फोन करायचा आहे? पुढच्या आठवड्यात पुन्हा जा आणि तीच नावे घेऊन विचारा. एखादा दिसला नाही तर आम्हाला कळवा. त्याच दिवशी कळवा. मी केले तसे पाडव्यापर्यंत थांबू नका.

आणि प्रार्थनेत या कुटुंबाची आठवण ठेवा. ती मुलगी आता अंगणवाडीत जाते. बाईंनी वडिलांचे नाव विचारले की खणखणीत सांगते. आजीने शिकवले आहे.