गाडीत बदल करण्यापूर्वी



या व्यासपीठावर विद्वानांची व्याख्याने होतात. मी गॅरेज कामगारांची युनियन चालवणारा माणूस. माझी पहिली शाळा गाडीखाली भरली; पुस्तके मागाहून आली. तेव्हा नुकतीच जुनी मोटार घेऊन ‘हिच्यात काहीतरी करू या’ म्हणत गॅरेजच्या दारात उभ्या राहणाऱ्या तरुणाशीच मी आज बोलणार आहे.

तो पहिल्यांदा मागतो काय? आवाज! सायलेन्सर बदलला, गाडी गरजू लागली, की ताकद वाढली असे त्याला वाटते. आवाज म्हणजे ताकद नव्हे, हे जन्मभर सभा गाजवणाऱ्या मी तरी कबूल केलेच पाहिजे. आधी थांबण्याची सोय पाहा. वेग दीडपट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायला सव्वादोनपट अंतर लागते. म्हणून पहिला पैसा ब्रेकचे लायनर, ब्रेक-तेल आणि टायर यांवर घाला.

टायरच्या अंगावर १६५/८० आर १४ असे लिहिलेले असते. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या शेकडा किती उंची, आणि शेवटचा डिस्कचा व्यास, इंचांत. हिशेब केला तर सबंध चाक सुमारे ६२० मिलिमीटरचे भरते. १८५/६५ आर १५ घेतला तर डिस्क मोठी होते, पण चाक जवळजवळ तेवढेच राहते. हे ठीक. दुकानदार २०५/६५ आर १५ गळ्यात मारतो तेव्हा मात्र चाक शेकडा साडेचारांनी वाढते. काटा ८० दाखवतो, गाडी पळते ८३ च्या वर. आणि वळणावर टायर मडगार्डला घासू लागतो तो वेगळाच.

दुसरी हौस गाडी खाली बसवण्याची. स्प्रिंगचे एक वेटोळे कापले की काम झाले, असे सांगतात. कापलेली स्प्रिंग ताठ होते. शॉकअपला हालायला जागा उरत नाही. चाक खड्ड्यात लोंबले की स्प्रिंग बैठकीतून सुटण्याची भीती असते. गॅसने कापली तर तिथल्या पोलादाचे पाणीच उतरते. खाली बसवायचीच असेल तर त्या गाडीसाठी बनवलेली आखूड स्प्रिंग आणि तिच्या जोडीचे शॉकअप घ्यावे. पैसे जास्त पडतात, हे खरे.

आता दिव्यांचे. माझ्या पाहण्यातली गोष्ट आहे. एका गॅरेजात गिऱ्हाइकाने ६० वॅटच्या जागी १०० वॅटचे दिवे मागितले. बारा व्होल्टवर ६० वॅटला ५ अँपिअर लागतात, १०० ला ८ च्या वर. वायर तीच राहिली तर तिच्यातली उष्णता पावणेतीनपट होते. फ्यूज पुन:पुन्हा उडू लागला. म्हणजे तो आपले काम इमानाने करीत होता. मालक म्हणाला, “तार गुंडाळ.” एकोणीस वर्षांच्या हेल्परने गुंडाळली. रात्री घाटात डॅशबोर्डातून धूर निघाला. मुलेबाळे वेळेवर उतरली म्हणून वाचली. दुसऱ्या दिवशी हेल्परला काढून टाकले आणि दुरुस्तीचा खर्चही त्याच्याच पगारातून कापला. आम्ही वाटाघाटी करून पगार मिळवून दिला. नोकरी काही मिळाली नाही. ते अजून माझ्या मनाला लागून आहे.

कायदाही ऐकून ठेवा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते, की आर.सी. बुकातील तपशील आणि गाडी यांत फरक पडेल असा बदल मालकाला मनाला येईल तसा करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या. ही शिक्षा गाडीच्या मालकाला आहे. गॅसकिट बसवायचे तर मान्यताप्राप्तच, आणि त्याची नोंद आर.सी. बुकात.

आमच्या युनियनची मागणी साधी आहे. कोणता बदल, कोणाच्या सांगण्यावरून केला, ते जॉबकार्डावर लिहा. गिऱ्हाइकाची सही घ्या. आणि धोक्याच्या कामाला ‘नाही’ म्हणणाऱ्या मिस्त्रीची रोजी तोडू नका. नव्या गाडीवाल्याने यात आम्हाला मदत करावी. कार्ड मागून घ्यावे. काम झाल्यावर ज्याने ते केले त्यालाच शेजारी बसवावे, मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही असे पाहून, दोनतीनदा ब्रेक दाबून पाहावा. तो मुकाट्याने बसला तर गाडी घरी न्यावी. त्याने कान टवकारले तर तिथूनच परत फिरवावी.