यंत्राने वाचविलेला वेळ कोणाचा?



यंत्राने माणसाचे श्रम वाचविले, असे नेहमी सांगितले जाते. वाचलेल्या वेळेचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. मुंबईच्या उपनगरांपुरता तो मांडावयाचा, तर आरंभ भांडुपपासून करावा लागतो. १८४३ साली मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क भांडुपला गेले असता मुंबईहून ठाणे, कल्याण आणि पुढे थळ व भोर घाटांकडे लोहमार्ग नेण्याची कल्पना त्यांना सुचली, असे रेल्वेचा इतिहास सांगतो. दहा वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली. घाटकोपर, भांडुप, मुलुंड ही तेव्हा साष्टी बेटावरील भातशेतीची आणि मिठागरांची गावे होती. गाडी त्यांच्या शिवारातून गेली, परंतु ती प्रामुख्याने त्यांच्यासाठी नव्हती. देशावरचा कापूस बंदरावर आणावा आणि विलायती कापड देशावर पोहोचवावे, हे भांडवलदारांचे गणित तिच्यामागे होते.

पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, कावसजी नानाभाई दावर यांनी कापड गिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेवला तिचे चक्र फिरू लागले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. लँकेशायरला अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच तो बाजार कोसळला. परंतु गिरणीची वाट खुली झाली होती. १८८६ मध्ये जमशेटजी टाटा यांनी कुर्ल्याची बंद पडलेली धरमसी गिरणी घेऊन तिला 'स्वदेशी' हे नाव दिले. अमेरिकेत विकसित झालेल्या रिंग पद्धतीच्या चात्या टाटांनी नागपूरच्या एम्प्रेस गिरणीत लँकेशायरच्याही आधी आपल्याशा केल्या होत्या. कमी कसबाच्या हातांनी अखंड सूत काढणे त्यामुळे शक्य झाले. म्हणजे तंत्रज्ञानात हा देश मागासलेला नव्हता. मागासलेला होता तो माणसाला मिळणारा न्याय.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात लोवेल येथे शेतकऱ्यांच्या मुली घंटेच्या ठोक्यावर गिरणीत जात. दहा तासांच्या दिवसासाठी त्यांनी १८४०च्या दशकात विधिमंडळाकडे अर्ज केले. मुंबईत घंटेची जागा भोंग्याने घेतली आणि अर्जाचे काम नारायण मेघाजी लोखंडे यांनी हाती घेतले. सप्टेंबर १८८४ मध्ये सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांच्या निवेदनात त्यांनी रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम आणि वेळेवर पगार मागितला. १८८१चा कारखाना कायदा सात वर्षांच्या मुलालाही नऊ तास राबविण्याची मुभा देत होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या मागण्यांचे धैर्य कळते. रविवारची सुटी १८९० साली मिळाली. ती कोणाच्या औदार्याने नव्हे, तर हजारो कामगारांच्या सभेच्या बळावर.

सूर्यास्ताची ती मर्यादा विजेने मोडली. १९०५च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबला. वर्ष पालटताच घड्याळही बदलले. नवी प्रमाणवेळ मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे होती. भोंगा तिच्यावर लावला की कामगाराने तेवढेच आधी उठावे! जानेवारी १९०६ मध्ये कामगारांनी या घड्याळाविरुद्ध काम थांबविले. लोकांना हे अडाणीपण वाटले असेल; वस्तुतः ३९ मिनिटे कोणाच्या खिशातून जात आहेत, हे त्यांना नेमके उमजले होते. कापड गिरण्यांतील पुरुषांचा दिवस बारा तासांवर आणणारा कायदा १९११ मध्ये झाला, आणि स्वातंत्र्यानंतर १९४८च्या कायद्यात आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ठरले.

परंतु कारखान्याच्या दाराशी जिंकलेले तास रेल्वेच्या फलाटावर हरविले. १८६७ साली विरारहून बोरिवली, अंधेरीमार्गे बॅकबेपर्यंत दिवसातून एक गाडी सुरू झाली. १९२५ मध्ये कुर्ल्यापर्यंत आणि १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या धावू लागल्या. गाडी वेगवान झाली, तसे घर दूर गेले. शहरातील जागेचा भाव कष्टकऱ्याला परवडेना. दुसऱ्या महायुद्धानंतर आग्रा रोडच्या बाजूला विक्रोळी, भांडुप, मुलुंड येथे कारखाने उभे राहिले, तेव्हा काहींना घराजवळ काम मिळाले. अंधेरीला १९७३ मध्ये 'सीप्झ' हे निर्यातक्षेत्र आले. १९८२च्या संपानंतर गिरण्या ओस पडल्या; पुढे उपनगरांतील अनेक कारखान्यांच्या जागी निवासी मनोरे आणि मॉल आले. काम पुन्हा दूर गेले, आणि बहुतांशी कंत्राटी झाले.

आज बोरिवली वा मुलुंडच्या कामगाराचे दोन-तीन तास रोज लोकलमध्ये जातात. त्यांचे वेतन कोणी देत नाही; कित्येकदा किंमत प्राणांनी मोजावी लागते. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडून मृत्यू पावले, तेही कामाच्याच वाटेवर होते.

कार्यकर्त्यांनी यावरून एक गोष्ट ध्यानी घ्यावी. वाफ, वीज, लोकल, आणि आता मोबाइलवरून घरोघरी माल पोहोचविणाऱ्या तरुणाचा मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवणारी यंत्रणा, यांपैकी कोणतेही साधन आपोआप कष्टकऱ्याचा वेळ त्याला परत देत नाही. लोखंड्यांच्या निवेदनाने, १९०६च्या काम-बंदने तो मागून घेतला. म्हणून परवडणाऱ्या घरांची, पुरेशा गाड्यांची आणि घराजवळच्या कायम कामाची मागणी ही केवळ नागरी सोयीची मागणी राहत नाही. ती कामाच्या तासांचीच मागणी आहे, आणि युनियनच्या मागणीपत्रकात तिला वेतनाच्या शेजारी स्थान मिळाले पाहिजे.