आधी शेवट, मग गोष्ट



ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत संस्कारवर्ग चालविणाऱ्या भगिनींकडून एक तक्रार सातत्याने कानी येते : मुले गोष्टीला बसत नाहीत. दोष पूर्वी दूरचित्रवाणीला दिला जात असे, आता तो भ्रमणध्वनीला दिला जातो. काही अंशी तो खराही आहे. परंतु आपण गोष्ट कशी सांगतो, हेही एकदा तपासून पाहावयास हवे. आपल्याला तात्पर्याची एवढी घाई असते की गोष्ट बिचारी त्या तात्पर्याचे ओझे वाहणारी हमाल होऊन जाते. मुलांच्या हे तत्काळ ध्यानात येते आणि ती चुळबुळ करू लागतात.

कोणती घटना आधी सांगायची, कोणती मागाहून, कोणाच्या मुखातून आणि काय झाकून ठेवायचे, हा निवेदनाचा विचार आपल्याकडे पाश्चात्त्य चित्रपटांमुळे आला, अशी एक समजूत आहे. ‘फ्लॅशबॅक’ हा शब्द इंग्रजी, म्हणून कल्पनाही तिकडचीच! भीष्मपर्व उघडून पाहा. संजय रणांगणावरून परततो आणि धृतराष्ट्राला प्रथम सांगतो की, भीष्म पडले. युद्धाचे दहा दिवस उलटून गेलेले आहेत. मग धृतराष्ट्र विचारू लागतो, संजय मागे जाऊन सांगू लागतो आणि या मागे जाण्यातच भगवद्गीता येते. पितामहांवर बाण कसे टाकू, म्हणून अर्जुन धनुष्य खाली ठेवतो, हे धृतराष्ट्र ऐकतो तेव्हा पितामह शरशय्येवर आहेत, हे त्याला ठाऊक असते. प्रसंग तोच, पण क्रम बदलल्याने त्याला केवढे वजन आले! शिवाय हे सारे वैशंपायन जनमेजयाला सांगत आहेत आणि ते पुन्हा सौती नैमिषारण्यातील ऋषींना ऐकवीत आहे, ते वेगळेच.

कीर्तनकारांना हे मर्म पुरते उमगले होते. पूर्वरंगात अभंगाचे निरूपण, उत्तररंगात आख्यान. हरिश्चंद्राचे शेवटी काय होते, हे पुढे बसलेल्या आजीबाईंनाही पाठ असते. तरीही तारामतीवर खड्ग उगारले की बुवा नेमके तेथेच थांबतात, पद आळवू लागतात आणि मंडप श्वास रोखून बसतो. उत्कंठा ‘काय होणार’ याची नसते, ‘कसे होणार’ याची असते.

साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, तीही रात्रीमागून रात्र सांगितलेल्या गोष्टींच्या रूपात. सांगणारा श्याम मोठा झालेला आहे आणि आई आता नाही. पोहायला जायचे टाळण्यासाठी लपून बसलेल्या श्यामला आई झोडपते, त्या प्रसंगात दोन श्याम एकाच वेळी बोलतात : एक मार खाणारा, रुसलेला, दुसरा, त्या माराचा अर्थ उमगलेला. पहिल्याचे रडू पूर्ण होऊ दिल्यामुळेच दुसऱ्याचे बोलणे उपदेश वाटत नाही. आचार्य अत्र्यांनी 1953 मध्ये त्यावर चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक लाभले.

डोंबिवलीत बोलायचे आणि शं. ना. नवरे यांचे नाव घ्यायचे नाही, हे शक्यच नाही. 2013 पर्यंत ते आपल्यातच होते. दोन खोल्यांचे घर, नोकरी, गाडीची वेळ, एवढ्या सामग्रीवर त्यांची कथा उभी राहते. त्यांनी लिहिलेला, कांचन नायक दिग्दर्शित ‘कळत नकळत’ (1989) आठवा. संसाराला तडा जातो, पण खलनायक कोणीच नाही. पती चुकतो, तरी त्याला झोडपण्याचे सुख लेखक प्रेक्षकाला मिळू देत नाही. माझ्या मते हे अतिशय अवघड काम आहे.

आणि संदीप सावंत यांचा ‘श्वास’. मूळ कथा माधवी घारपुरे यांची. 2004 मध्ये त्याला राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले. ‘श्यामची आई’नंतर मराठीला हा मान मिळावयास पन्नास वर्षे लागली. कोकणातील लहानग्या परशुरामच्या डोळ्यांना कर्करोग होतो. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. हे आजोबांना कळते, डॉक्टरांना ठाऊक असते, आपल्यालाही ठाऊक असते. केवळ मुलाला नसते. शस्त्रक्रियेपूर्वी ते त्याला सांगितलेच पाहिजे, असा डॉक्टरांचा आग्रह. ते सांगायचे कोणी? सारा ताण या एका न उच्चारलेल्या वाक्यावर उभा आहे. मधूनमधून कोकणातील हिरवे दिवस दिसतात आणि ते पाहताना आपण नकळत हिशेब करू लागतो की यातले त्याला आता काय दिसणार नाही. पुढे शस्त्रक्रिया लांबते आणि आजोबा नातवाला घेऊन रुग्णालयातून नाहीसे होतात. डोळे शाबूत आहेत तोवर त्याला जग दाखवायचे असते. आजोबा थोर आहेत, हे कोणतेही पात्र भाषण करून सांगत नाही. चित्रपट ही पाहण्याची कला. तिने दृष्टी जाण्याची गोष्ट सांगावी, यातच अर्धे काम झाले होते.

तेव्हा भगिनींनो, पुढच्या रविवारी महाभारत सांगावयास घ्याल, तेव्हा शंतनूपासून आरंभ करू नका. वर्गात या, बसा आणि एवढेच म्हणा, ‘‘भीष्म पडले.’’ मग थोडे गप्प राहा. ‘‘कोणी पाडले?’’ असे कोपऱ्यातला एखादा व्रात्य मुलगा विचारीलच. गोष्ट त्याच्यापासून सुरू करा.