मूल होण्यासाठी : गोळ्या, इंजेक्शने की शस्त्रक्रिया?
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज तुम्ही मला जो विषय दिलात, तो चारचौघींत बोलण्याचा नव्हे, असा आपल्याकडे समज आहे. परंतु साताऱ्यात काय किंवा सांगलीत काय, त्यावर बोलणे कधी थांबलेले असते का? लग्नाला दोन वर्षे झाली की सासर, माहेर, शेजार, सगळीकडून एकच प्रश्न येऊ लागतो. सुनेबद्दल बोलणे पुष्कळ होते. बोलले जात नाही ते फक्त दुखण्याबद्दल. म्हणून आज आपण दुखण्याबद्दलच बोलू.

हल्ली ज्याला सगळ्याजणी 'पीसीओडी' म्हणतात, डॉक्टर 'पीसीओएस' म्हणतात, ते हे दुखणे. मूल होण्याच्या वयातील दर शंभर स्त्रियांत सुमारे दहाजणींना ते असते. बीजांडकोशात गाठी झाल्या, असे ऐकून पुष्कळजणी घाबरतात. पण त्या रोगाच्या गाठी नव्हेत. दर महिन्याला बीजांडकोशात एक बीज पिकून बाहेर पडावे, हा निसर्गक्रम. या दुखण्यात बीजांचे कोश वाढू लागतात, पण अर्ध्यावर थांबतात. सोनोग्राफीत ते कडेने दाणे मांडल्यासारखे दिसतात. शरीरात इन्शुलिन वाढलेले असते, पुरुषी संप्रेरकांचे प्रमाणही वाढते. त्यामुळे पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात, मुरुमे येतात आणि बीजच बाहेर न पडल्यामुळे दिवस राहत नाहीत. हे दुखणे जाड बाईलाच होते असेही नाही. सडपातळ मुलींतही ते आढळते.

आता उपचाराकडे वळू. पण त्याआधी एक गोष्ट ठासून सांगते. बाईला गोळी देण्यापूर्वी, आणि तिच्या पोटाला सुरी लावण्यापूर्वी तर नक्कीच, नवऱ्याच्या वीर्याची तपासणी झाली पाहिजे. ती साधी, स्वस्त आणि न दुखणारी तपासणी आहे. मूल न होण्याच्या कारणांत पुरुषाचा वाटा मोठा असतो. तरीही बाईच्या चार तपासण्या होतात आणि नवरा बाहेर बाकावर बसून राहतो. सासूबाईंनी मनात आणले तर ही एक तपासणी आठवड्याच्या आत होते.

यानंतरची पायरी म्हणजे वजन. वजन जास्त असेल तर त्यातले पाच टक्के घटले तरी अनेकींची पाळी मार्गावर येते. सत्तर किलोच्या बाईला हे साडेतीन किलो. उपास करून नव्हे. रोजचे चालणे, ताटात भाकरीबरोबर डाळ-उसळ, आणि चहातली साखर कमी.

एवढ्याने भागले नाही तर गोळ्या. क्लोमिफीन ही गोळी अमेरिकेत १९६७ साली मान्य झाली आणि कित्येक वर्षे जगभर तीच चालली. नंतर लेट्रोझोल आली. ती मूळची स्तनाच्या कर्करोगावरची. आपल्या सरकारने २०११ साली वंध्यत्वासाठी तिच्या वापरावर बंदी घातली होती. २०१७ साली ती उठली. मधल्या काळात, २०१४ साली, अमेरिकेत ७५० स्त्रियांवर केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पाच पाळ्यांपर्यंत औषध दिल्यावर क्लोमिफीन घेणाऱ्यांपैकी शंभरांत १९ जणींना मूल झाले, लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी शंभरांत २७ जणींना. म्हणून आज पहिली गोळी लेट्रोझोलची. दोन्ही गोळ्या पाळीच्या सुरुवातीला पाच दिवसच घ्यायच्या असतात, आणि त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. शेजारणीला गुण आला म्हणून तिची चिठ्ठी दुकानात दाखवून आणण्याची ही वस्तू नव्हे.

आता प्रश्न येतो तो गोळ्यांनी बीज न सुटणाऱ्या भगिनींचा. त्यांच्यापुढे दोन वाटा असतात : बीज वाढवणारी इंजेक्शने किंवा शस्त्रक्रिया.

शस्त्रक्रियेची वाट गोळ्यांहून जुनी आहे, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. १९३५ साली शिकागो येथील स्टाईन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांनी पोट उघडून बीजांडकोशाची एक फोड कापून काढली होती, कलिंगडाची काढावी तशी. सातहीजणींची पाळी सुरू झाली आणि दोघींना दिवस राहिले. कित्येक वर्षे हाच उपचार होता. पण पोटावर मोठा छेद, आणि आत जखम भरताना नळ्या व आतडी चिकटून बसत. मूल व्हावे म्हणून केलेल्या शस्त्रक्रियेनेच मुलाची वाट अडायची. गोळ्या आल्या तशी ती मागे पडली.

पुढे दुर्बीण आली. १९८४ साली नॉर्वेतील डॉ. योनेस यांनी दुर्बिणीतून बीजांडकोशाला विजेने बारीक डाग देण्याची रीत प्रसिद्ध केली. डाग म्हटल्यावर वैदूची तापलेली सळई आठवू नका. भूल देऊन बेंबीपाशी लहानसे छिद्र पाडतात, पोटात वायू भरतात आणि दुर्बीण घालतात. आणखी एक-दोन छिद्रांतून सुईसारखे हत्यार जाते. दर बीजांडकोशाला साधारण चार ठिकाणी, प्रत्येकी चार सेकंद डाग दिला जातो. पुरुषी संप्रेरके तयार करणारा भाग त्यामुळे थोडा कमी होतो, मेंदूकडून येणाऱ्या आज्ञांचा तोल सुधारतो आणि बीज आपोआप सुटू लागते. त्याच वेळी निळे औषध सोडून नळ्या मोकळ्या आहेत की नाहीत, हेही पाहता येते. आपल्या देशात क्षयाने नळ्या बंद होण्याचे प्रमाण कमी नाही, म्हणून या तपासणीला मोल आहे.

मग शस्त्रक्रिया बरी की इंजेक्शने? नेदरलँड्समध्ये गोळ्यांचा उपयोग न झालेल्या १६८ स्त्रियांचे दोन गट करून हे पाहिले गेले. निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला. नुसत्या शस्त्रक्रियेने शंभरांत ३४ जणींना दिवस राहिले. ज्यांना राहिले नाहीत त्यांना पुन्हा गोळ्या दिल्या, तेव्हा हा आकडा ४९ झाला. उरलेल्यांना इंजेक्शने दिल्यावर वर्षअखेर ६७. ज्यांना पहिल्यापासून इंजेक्शने दिली त्यांचाही आकडा ६७ च. म्हणजे पोहोचण्याचे ठिकाण एकच. पण जुळ्या-तिळ्यांचा धोका इंजेक्शनांच्या गटात बराच जास्त होता. जुळे म्हटले की आपण कौतुक करतो. परंतु अपुऱ्या दिवसांची, अशक्त बाळे आणि आईची ओढाताण यांचा हिशेब कोणी मांडत नाही. शिवाय इंजेक्शनांनी कधी कधी बीजांडकोश फार सुजतात, पोटात पाणी होते आणि बाईला रुग्णालयात ठेवावे लागते.

आता हे आपल्या मुलखात आणून पाहू. इंजेक्शने चालू असताना दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी करावी लागते. सांगली, मिरज, कऱ्हाड, सातारा येथे राहणारीला ते जमेल. पण जत, आटपाडी, माण, खटाव येथील वस्तीवरची सून महिन्यात पाच वेळा एस.टी.ने शहर गाठणार कशी? रोजगार बुडणार, औषधाचे पैसे निराळे. अशा बाईला एकदाच होणारी शस्त्रक्रिया सोयीची ठरू शकते. मिरजेत डॉ. वानलेस यांचे रुग्णालय १८९४ साली सुरू झाले, तेव्हापासून शस्त्रक्रियेसाठी लांबून माणसे येण्याची आपल्या भागाला सवय आहे. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आज दोन्ही जिल्ह्यांत आहेत.

परंतु सोय आहे म्हणून शस्त्रक्रिया करू नये. २०२३ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही पहिला मान लेट्रोझोलचा आहे. शस्त्रक्रिया व इंजेक्शने ही त्यानंतरची पायरी. भुलेचा धोका लहान असला तरी असतो. थोडेफार चिकटणे आजही होते. डाग जास्त दिले गेले तर बीजांचा साठा घटतो, आणि तो पुन्हा भरून येत नाही. शिवाय शस्त्रक्रियेने हे दुखणे मुळापासून जात नाही. पुढे मधुमेह होण्याचा संभव राहतो, म्हणून मूल झाल्यावरही रक्तातील साखर तपासत राहावी.

तेव्हा शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला तर घाबरू नका आणि लगेच मानही डोलावू नका. डॉक्टरांना शांतपणे चार प्रश्न विचारा. नवऱ्याची तपासणी झाली का? लेट्रोझोल पुरेशा मात्रेत, पुरेसे महिने देऊन पाहिली का? माझ्या बीजांचा साठा किती आहे आणि डाग किती देणार? आणि शस्त्रक्रियेनंतर किती महिने वाट पाहायची, नाही जमले तर पुढे काय? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही.

शेवटी मंडळाकडे एक मागणे आहे. सातारा जिल्ह्यातल्या नायगावात १८३१ साली जन्मलेल्या सावित्रीबाई फुले यांना पोटचे मूल नव्हते. त्यांनी यशवंताला दत्तक घेतले, तो डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करतानाच सावित्रीबाई गेल्या. त्यांचा फोटो आपण सभागृहात लावतो, हार घालतो. पण डोहाळजेवणाच्या वेळी ओटी भरायला मूल न झालेली बाई पुढे आली, की आपल्यातल्याच कोणी तिला हळूच मागे सारते. उपचार करतील ते डॉक्टर. हे मागे सारणे बंद करणे मात्र कोणा डॉक्टरच्या हातचे नाही, ते तुमच्या हातचे आहे. येत्या हळदीकुंकवाला पहिले कुंकू अशा एखाद्या भगिनीला लावा. महिन्यामागून महिने दवाखान्याच्या पायऱ्या चढणाऱ्या बाईला त्याने जो धीर येईल, तो कोणत्याही गोळीत नाही.