पास्काची टोपली व घरचे पान

(नशिराबाद येथे माताभगिनींच्या सभेत केलेले भाषण)



महोत्सवाच्या निमित्ताने निरनिराळ्या विषयांवर भाषणे व्हावीत असे ठरले, तेव्हा धर्मशिक्षण, शाळा, रुग्णसेवा हे मोठे विषय मोठ्यांनी आधीच उचलले आणि माझ्या वाट्यास स्वयंपाकघर राहिले. त्याचा मला मुळीच विषाद वाटत नाही. लहान मुलाला सण प्रथम कळतो तो चुलीपाशीच; देवालयातील अर्थ त्याच्या ध्यानी मागाहून येतो.

आजचा विषय पास्काच्या टोपलीचा आहे. ही चाल आपल्या खानदेशातील नव्हे, हे आरंभीच सांगून टाकते. तरी तिच्याविषयी अलीकडे घरोघरी विचारणा होऊ लागली आहे. मुलांच्या हाती मोबाइल आले व त्यांवर परदेशांतील टोपल्यांची चित्रे दिसू लागली: चकचकीत कागद, रेशमी फिती, चॉकलेटची अंडी आणि मध्ये एक ससा. ती पाहून मुले हट्ट धरितात. मोलमजुरी करून घर चालविणाऱ्या एका भगिनीने मला सरळ विचारले, "बाई, एवढा खर्च आम्हाला झेपणार नाही. मग टोपली श्रीमंतांचीच समजावयाची काय?" तिच्या या प्रश्नास उत्तर देणे मला आवश्यक वाटते, आणि माझे बोलणे मुख्यत्वे तिच्यासाठीच आहे.

प्रथम ही टोपली आली कोठून ते पाहू. मध्ययुगात युरोपातील आपले धर्मबांधव उपवासकाळाचे चाळीस दिवस फार कडक पाळीत. मांस तर वर्ज्य होतेच, पण अंडी, दूध, लोणी हेही अनेक प्रांतांत वर्ज्य असे. आता कोंबड्यांना उपवासकाळाची काय वार्ता! त्या आपल्या नेमाने अंडी घालीतच राहत. ती साठत, उकडून ठेविली जात, आणि पास्काच्या दिवशी घराघरात अंड्यांचा सुकाळ होई. इतक्या दिवसांनी तोंडात पडणारा पहिला घास देवाच्या आशीर्वादाविना घेऊ नये, अशी लोकांची भावना. म्हणून पवित्र शनिवारी हे सर्व जिन्नस टोपलीत घालून देवालयात नेत व धर्मगुरूंकडून आशीर्वादित करून आणीत. १६१४ साली पाचवे पौल या पोपमहाशयांनी प्रसिद्ध केलेल्या रोमन विधिग्रंथात पास्काचे कोकरू, अंडी व भाकर यांच्या आशीर्वादाच्या निरनिराळ्या प्रार्थना दिलेल्या आहेत. टोपलीचे मूळ ते हे. त्यात चॉकलेट नाही आणि ससाही नाही. सशाची गोष्ट जर्मन मुलखातील लोकांची. तेथून गेलेल्या वसाहतवाल्यांनी ती अठराव्या शतकात अमेरिकेस नेली. कोणास हौस असल्यास ससा बसवावा, माझे भांडण नाही. पण एप्रिलात जेथे पारा चाळीस अंशांच्या वर चढतो त्या आपल्या जिल्ह्यात चॉकलेटचा ससा देवालयाच्या दारापर्यंत सशाच्या आकारात पोहोचेल, याची हमी मी घेत नाही.

ही चाल सर्वांत निष्ठेने जपली ती पोलंड देशाने. तेथे या टोपलीस श्वेंत्सोन्का म्हणतात. पांढरे स्वच्छ वस्त्र अंथरून त्यात रंगविलेली अंडी, पाव, मीठ, मांसाचा तुकडा, एक झणझणीत कडवट मूळ आणि लोण्याचे अथवा साखरेचे कोकरू ठेवितात. रविवारी सकाळी घरातील वडील माणूस आशीर्वादित अंड्याच्या फोडी करून एकेकाच्या हाती देतो व प्रत्येकास शुभ चिंतितो. मगच न्याहारी सुरू होते.

पोलंड फार दूर, त्याचे आपणास काय, असे कोणी म्हणेल. परंतु त्या देशाची काही हजार माणसे एके काळी आपल्या महाराष्ट्रातच चूल मांडून राहिली होती. दुसऱ्या महायुद्धात, १९४० व १९४१ या वर्षांत, रशियन सत्तेने पूर्व पोलंडातील असंख्य कुटुंबांना घरांतून उचलून सैबेरियात व कझाकस्तानात नेऊन टाकिले. तेथे थंडीने, उपासमारीने व रोगराईने पुष्कळ मेले. पुढे करार होऊन सुटका झाली, तेव्हा उरलेल्यांपैकी बरेच लोक इराणात उतरले, आणि तेथून १९४३ पासून सुमारे पाच हजार लोक, बहुतांशी स्त्रिया व मुले, कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील वसाहतीत येऊन राहिले. १९४८ साली वसाहत मोडेपर्यंत त्यांचा मुक्काम तेथे होता. तेथे त्यांच्या शाळा होत्या, इस्पितळ होते, देवालय होते, आणि कुटुंबांना आपापला स्वयंपाक करिता येत होता. कित्येकांच्या कबरी कोल्हापुरातच आहेत. २०१७ साली वॉर्सा नगरात या आश्रयाचे स्मारक उभारले गेले, व ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी त्यास भेट दिली, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले असेल.

त्या वसाहतीतील पहिला पास्का ९ एप्रिल १९४४ रोजी आला. त्या दिवशीच्या गृहिणीचा विचार आपण क्षणभर करू. तीनचार वर्षांपूर्वी जिने लेकरांसाठी भाकरीचे तुकडे मोजले, तिचा नवरा बहुधा रणांगणावर किंवा बेपत्ता. भोवती कोल्हापूरचा उन्हाळा. तिच्या आईच्या टोपलीतील झणझणीत मूळ या मुलखात उगवत नाही, लोण्याचे कोकरू येथे तासभरही टिकावयाचे नाही. बाजारात अंडी आहेत, मीठ आहे, गव्हाचे पीठ आहे. जे मिळेल त्यानेच तिला सणाचे मेज मांडावयाचे. जवळ घर नाही, देश नाही, तरी सण आहे. आणि सणास लागणारी वस्तू परक्या बाजारातून शोधून काढावयाची आहे. माझ्या भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर मला या गृहिणीपाशी सापडते. टोपली श्रीमंतांची असती तर ती सैबेरियातून जिवंत बाहेर आली नसती.

गोव्याकडेही असेच घडले. युरोपातील बदामाची मिठाई तेथल्या स्त्रियांनी काजूच्या पिठाने करावयास घेतली, आणि आज ती अंडी, ती फुले काजूचीच असतात. त्यांना कोणी खोटी म्हणत नाही. तेव्हा खानदेशाने आपली टोपली खानदेशी जिनसांनी भरल्यास काय बिघडले?

तर मग आपली टोपली भरू. टोपली बुरडाच्या हातची बांबूची घ्यावी. रुखवताची दुरडी घरी असेल तर उत्तमच. तळाशी केळीचे कोवळे पान. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिचे पान आपल्या टोपलीत नसावे तर कोणाच्या असावे? पानावर धुतलेले पांढरे वस्त्र.

भाकरीच्या जागी बट्टी ठेवावी. जाडसर गव्हाच्या पिठात थोडे मक्याचे पीठ, ओवा, हळद व तेलाचे मोहन घालून आपण बट्टी करितोच. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेली असल्यास ती दुसऱ्या दिवसापर्यंत सहज टिकते. उकडून तळलेली मात्र शनिवारी टोपलीत न ठेविता रविवारी ताजी करावी. मिठाची लहान पुडी विसरू नये. "तुम्ही पृथ्वीचे मीठ आहा" हे प्रभूचे वचन मुलांस सांगण्यास तेवढेच निमित्त होते. कडवट मुळाऐवजी काय? निर्गमाच्या पुस्तकात इस्राएल लोकांना कोकराचे मांस बेखमीर भाकरीबरोबर व कडू भाजीबरोबर खाण्याची आज्ञा आहे. याच दिवसांत आपल्या दारच्या कडुनिंबास तांबूस कोवळी पालवी फुटलेली असते, आणि शेजारी पाडव्याला तिची चव घेतात. दोन डहाळ्या ठेवाव्यात. दास्याचा कडवटपणा समजावून सांगण्यास पोलंडच्या मुळापेक्षा आपला निंब कोणत्याही प्रकारे उणा नाही.

लोण्याच्या कोकराचे काय करावे, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस पडला होता. त्याचे उत्तर बाजारातच सापडले. होळी-पाडव्याच्या दिवसांत साखरेचे हार-कडे विकावयास येतात. साच्यात पाक ओतून ते करितात. त्याच पाकाचे लहानसे कोकरू का होऊ नये? कारागिराला साचा दाखवून सांगितले तर तो करून देईल. नाही तर घरी पिठीसाखर व दुधाची भुकटी तुपाच्या हाताने मळून मुलांकडून कोकरू वळवून घ्यावे. कान लांबले, पाय आखूड झाले तरी चालेल. आमच्या घरी एकदा ते इतके लठ्ठ झाले की पाहुण्यांनी त्याला गणपतीचा उंदीर समजले. मुले मात्र वर्षभर त्याची आठवण काढीत होती.

आता अंड्यांचा रंग. बाजारचा रंग आणण्याचे कारण नाही. कांद्याच्या मुलखात राहून आपण कांद्याच्या साली उकिरड्यावर टाकितो! दहाबारा कांद्यांच्या कोरड्या साली पातेल्यात पाण्याबरोबर वीस मिनिटे उकळाव्यात, पाणी गाळून निवू द्यावे, चमचाभर व्हिनेगर घालावे आणि त्यात अंडी मंद आंचेवर दहाबारा मिनिटे शिजवावीत. सुंदर तांबडा-तपकिरी रंग चढतो. आधी अंड्यावर कोथिंबिरीचे एक पान चिकटवून ते जुन्या मलमलीच्या तुकड्यात घट्ट बांधले, तर रंगात पानाची पांढुरकी नक्षी उमटते. हळदीने पिवळा रंग येतो; बिटाचा गुलाबी दिसतो खरा, पण लवकर उडतो. रंग पांढऱ्या कवचावर खुलतो, गावरान अंड्यावर गडद होतो. शेवटी कापसाच्या बोळ्याने तेलाचे बोट फिरवावे. एवढे मात्र लक्षात असू द्या की आपल्या उन्हाळ्यात उकडलेले अंडे उघड्यावर तासाभरापेक्षा अधिक ठेवू नये. टोपलीत प्रत्येकी एक पुरे, बाकीची घरी थंड जागी असावीत. शिजविलेले मांस तर टोपलीत नेऊच नये; ते रविवारी सकाळी घरी ताजे व्हावे.

फादरांना एका दिवसात किती वाड्या-वस्त्या गाठाव्या लागतात हे आपण जाणतो. १९८७ साली नाशिक धर्मप्रांत निराळा झाला. त्यात नाशिकाबरोबर नगर, धुळे, जळगाव आणि आताचा नंदुरबार एवढा विस्तार येतो. म्हणून शनिवारी आशीर्वाद मिळण्याजोगा नसेल तर रविवारी मिस्सानंतर टोपली पुढे करावी. आणि तेही न साधले तर जेवणापूर्वी घरातील वडिलांनी वा आईने प्रार्थना म्हणावी. टोपली रिती ठेवण्यास हे कारण नव्हे.

पानाविषयी थोडेच सांगते, कारण त्यात आपण कोणास हार जाणाऱ्या नाही. वरणबट्टी, काळ्या मसाल्याचा मटणाचा रस्सा, तळलेली बिबडी, गोडास शेवयांची खीर. भरिताचा हट्ट धरू नये. ते वांगे हिवाळ्याचे. मांडे आखाजीसाठी राहू द्यावेत. मेज नसेल तर पाट मांडावेत, मध्ये मेणबत्ती, तिच्याभोवती रांगोळी. पंगत बसली की अंड्याच्या फोडी करून प्रथम घरातील सर्वांत म्हाताऱ्या माणसास द्यावी, मग पाळीने सर्वांस. ज्या घरात गेल्या वर्षभरात कोणी वारले असेल, त्या घरी एक फोड अवश्य पाठवावी. त्यांच्याकडे यंदा चूल सणाची पेटणार नाही.

शेजाऱ्यांना विसरू नका. दिवाळीचा फराळ आपल्याकडे येतो, ईदेचा शीरखुर्मा येतो, आखाजीचे ताट येते. आपले ताट मात्र त्यांच्याकडे फारसे जात नाही, कारण आपल्याला वाटते, आपल्या सणाचे त्यांना काय कळणार? टोपलीतून त्यांचा वाटा काढावा, पण तारतम्याने. शाकाहारी घरी अंडे नेऊन त्यांना संकोचात पाडू नये; मुसलमान शेजाऱ्यांकडे मांस पाठवून विचारात पाडू नये. खीर, केळी, साखरेच्या कोकराचा तुकडा सर्वत्र चालतो. कोणी विचारले की हे काय, तर सोबत गेलेल्या मुलाने उत्तर द्यावे. आपण मागे उभे राहून त्याला शब्द सुचवू नयेत.

राहता राहिली टरफले. आशीर्वादित अंड्याची टरफले पोलंडात कचऱ्यात टाकीत नाहीत; बागेत किंवा शेतात पुरतात. आपल्याकडे ज्यांचे शेत आहे त्यांनी बांधाशी पुरावीत, आणि ज्यांच्या दारात एकच कुंडी आहे त्यांनी त्या कुंडीत चुरून घालावीत.